भिंगाचा प्रश्न : कोल्हापूरच्या कॅमेऱ्यापासून अतिलघुस्पंद लेसरपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कोल्हापूरचे स्थान सर्वश्रुत आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली कोल्हापुरात स्वदेशी सिने-कॅमेरा तयार केला, ही घटना चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात नोंदविली जाते. तथापि या घटनेकडे बहुधा कलेच्या दृष्टीने पाहिले गेले आहे, तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने अभावानेच. कॅमेरा ही एक वस्तू नसून दोन वस्तूंचा संयोग आहे. एक म्हणजे फिल्म पुढे सरकविणारे यंत्र आणि दुसरी म्हणजे प्रतिमा घडविणारे भिंग. यंत्र कोल्हापुरात घडले. भिंग का घडू शकले नाही? हा प्रश्न विचारला की स्वदेशीच्या एका अभिमानास्पद कथेची दुसरी, तितकीच उद्बोधक बाजू समोर येते.

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्यास एक निमित्त आहे. गेल्या तीन दशकांत भिंग तयार करण्याची मूळ पद्धतच बदलू लागली आहे. अतिलघुस्पंद लेसरच्या साहाय्याने काचेच्या पोटात किंवा राळेच्या थेंबात केसाच्या जाडीएवढी भिंगे 'लिहिली' जात असून ती अंतर्दर्शक नळ्या, सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणी यांत प्रतिमा घेण्यासाठी वापरली जात आहेत. घासून भिंग करण्याच्या कित्येक शतकांच्या परंपरेनंतर आलेला हा बदल कोल्हापूर-हातकणंगले परिसरासारख्या यंत्रकुशल प्रदेशासाठी कोणता अर्थ घेऊन येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी परिसराची यंत्रपरंपरा, १९१८ चा कॅमेरा, काचेची अडचण, लेसरचा उदय आणि सूक्ष्म भिंगांची निर्मिती या क्रमाने विवेचन केले आहे.

हातकणंगले परिसराची यंत्रपरंपरा

हातकणंगले हा कोल्हापूर जिल्ह्यातील पूर्वेकडील तालुका. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरमध्ये या भागाची नोंद आळते पेटा या नावाने आढळते. आळते हे गाव आज हातकणंगले तालुक्यातच आहे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि या भागाचा मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांशी थेट संबंध आला. कोल्हापुरास रेल्वेने येणाऱ्या मालाला हा एकच मार्ग होता. यंत्रांचे सुटे भाग, रसायने, छायाचित्रणाचे साहित्य असा परदेशी माल हातकणंगल्यावरूनच पुढे कोल्हापुरास जाई.

याच तालुक्यातील इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. संस्थानिक नारायणराव घोरपडे यांच्या उत्तेजनामुळे या एका मागातून पुढे वस्त्रोद्योगाची नगरी उभी राहिली. हुपरी येथे चांदीच्या दागिन्यांचे, विशेषतः पैंजणांचे, नाजूक काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. स्वातंत्र्योत्तर काळात पुलाची शिरोली येथील औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे कारखाने वाढले. मागाचा धोटा, चांदीची तार आणि लोखंडाचा ओतीव भाग या तिन्ही व्यवसायांत एक समान सूत्र आहे. आलेखन समोर नसतानाही नमुना पाहून भाग उतरविणारा मेस्त्री हा या परिसराचा खरा तंत्रज्ञ होय. पुस्तकी शिक्षण बेताचे असले तरी त्याच्या बोटांना माप कळते.

या परंपरेचा सिने-कॅमेऱ्याशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. सिने-कॅमेऱ्याचा प्राण म्हणजे थांबत थांबत पुढे जाणारी गती. फिल्मची एक चौकट भिंगासमोर क्षणभर स्थिर राहते, झडप बंद होते, तेवढ्यात आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात शिरून तिला एक चौकट खाली ओढतो आणि झडप पुन्हा उघडते. मूकपटांच्या काळात ही क्रिया सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे. फ्रान्समधील लुई ल्युमिए यांना १८९५ च्या सुमारास या आकड्याची कल्पना शिवणयंत्रात कापड पुढे सरकविणाऱ्या भागावरून सुचली, हे प्रसिद्धच आहे. ज्या प्रदेशात मागावर कापड टप्प्याटप्प्याने पुढे सरकत होते, तेथील कारागिरांना ही गती समजण्यास अवघड नव्हती.

१९१८ चा कॅमेरा : काय घडले आणि काय घडले नाही

महाराष्ट्रात चलच्चित्रणाची सुरुवात कोल्हापूरच्या आधी झाली होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी १८९९ च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याने मुंबईत चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. दोघांनीही यंत्र विकत घेतले होते. कोल्हापूरचे वेगळेपण असे की तेथे यंत्रच घडविण्याचा ध्यास घेतला गेला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री तथा बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांच्या घराण्याचे आडनावच मेस्त्री होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते. त्यांचे बंधू आनंदराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविण्यात निष्णात होते. फाळके यांच्या चित्रपटाने प्रभावित होऊन या दोघांनी कॅमेरा तयार करण्याचा प्रयत्न सुरू केला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला. तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' हा तिचा पहिला चित्रपट १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही या कंपनीत घडलेली मंडळी पुढे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीचे संस्थापक झाली.

या यशाचे मोल कमी न लेखता त्याची मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. कॅमेऱ्यातील फिल्मची चौकट प्रत्येक वेळी त्याच जागी थांबावी, अन्यथा पडद्यावर चित्र थरथरते. त्यासाठी आकडा, खाच आणि फिल्मची वाट ही सारी एका मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी अचूक असावी लागतात. लेथवर बसलेला कुशल मेस्त्री धीराने हे माप साधू शकतो आणि कोल्हापुरात ते साधले गेले. भिंगाचे माप मात्र निराळे असते. चांगल्या भिंगाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण चतुर्थांशाइतका अचूक असावा लागतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर धरल्यास हे माप मिलिमीटरच्या सुमारे ०.०००१४ भागाइतके येते. यंत्रभागापेक्षा ही अचूकता जवळजवळ शंभर पटींनी अधिक आहे.

एवढ्यावरून कोल्हापूरचे हात भिंगासाठी अपुरे होते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. भिंगाची अचूकता यंत्रातून येत नाही, ती घासण्याच्या क्रियेतून येते. दोन पृष्ठभाग मध्ये बारीक भुकटी घालून सर्व दिशांनी एकमेकांवर घासत राहिले की ते आपोआप गोलाकार होत जातात, कारण प्रत्येक ठिकाणी एकमेकांना चिकटून सरकू शकणारा पृष्ठभाग गोलाचाच असतो. शेवटी डांबराच्या थरावर झिलई दिली की तरंगलांबीच्या अंशाइतकी अचूकता साध्या हातांनी मिळते. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना झाली. हौशी आकाशनिरीक्षकांनी दुर्बिणीचे आरसे स्वतःच्या हाताने घासून तयार केले. पुढे आयुका या संस्थेनेही शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या.

मग आरसा घरी होतो आणि कॅमेऱ्याचे भिंग होत नाही, याचे कारण काय? आरशात प्रकाश केवळ पृष्ठभागावरून परततो, भिंगात तो काचेच्या अंतरंगातून जातो. आरशासाठी काचेचा पृष्ठभाग पुरेसा असतो, भिंगासाठी काचेचा गाभाही निर्दोष असावा लागतो. अडचण हातात नव्हती, काचेत होती.

काचेची अडचण

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात काचधंदा नव्हता असे नाही. लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना १९०८ साली तळेगाव येथे सुरू झाला. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत, ओगले ग्लास वर्क्सची स्थापना केली. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघरी पोहोचला. कोल्हापूरचा कॅमेरा आणि ओगलेवाडीची काच या जवळजवळ समकालीन घटना आहेत आणि दोन्ही ठिकाणांमधील अंतरही फार नाही. तरीही कंदिलाच्या काचेपासून कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंत रस्ता नव्हता.

याचे कारण काच वितळण्याच्या क्रियेत आहे. कंदिलाच्या काचेने उष्णता सोसावी आणि उजेड बाहेर जाऊ द्यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. भिंगाच्या काचेचा अपवर्तनांक मात्र संपूर्ण तुकड्यात सारखा असावा लागतो. भट्टीत जड घटक तळाशी बसतात, हलके वर येतात आणि निवताना काचेत साखरेच्या पाकासारख्या रेषा उमटतात. या रेषा डोळ्यांना क्वचितच दिसतात, पण प्रतिमेला विस्कटून टाकतात. स्वित्झर्लंडमधील प्येर लुई गिनाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भाजलेल्या मातीच्या दांड्याने वितळलेली काच ढवळण्याची युक्ती काढली आणि हा दोष आटोक्यात आणला. १८८४ साली जर्मनीतील येना येथे ओटो शॉट, अर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस यांनी एकत्र येऊन नव्या प्रकारच्या प्रकाशीय काचांचा कारखाना उभारला. रसायनशास्त्रज्ञ, गणिती आणि कारागीर हे तिघे एका छताखाली आले, हेच येनाचे वैशिष्ट्य होते.

परिणामी पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटनसारख्या औद्योगिक राष्ट्राचीही पंचाईत झाली. दुर्बिणी व तोफांच्या नेमयंत्रांना लागणाऱ्या काचेचा मोठा भाग जर्मनीतून येत असे आणि तो पुरवठा एका दिवसात थांबला. अमेरिकेलाही १९१७ साली भूभौतिकीच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना काचेच्या भट्ट्यांवर पाठवावे लागले. कोल्हापूरचा कॅमेरा नेमका याच वर्षांत आकार घेत होता. ज्या काचेसाठी साम्राज्यच अडले होते, ती कोल्हापुरात तयार व्हावी अशी अपेक्षाच अवास्तव होती. भिंग बाहेरून येणे अटळ होते.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली. १९५० साली कलकत्त्यात केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रकाशीय काच तयार करण्याचे तंत्र देशातच विकसित करण्यात आले. हे ज्ञान मोजक्या राष्ट्रांनी राखून ठेवलेले असल्यामुळे या यशाचे महत्त्व मोठे होते. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यानंतर सुमारे चार दशकांनी भिंगाचा गाभा भारतात तयार होऊ लागला.

लेसरचा उदय आणि महाराष्ट्र

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर प्रकाश मिळविला. या क्षेत्राशी महाराष्ट्राचा संबंध लवकरच आला. तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापनेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६४ साली गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. अदृश्य अवरक्त किरणांचा हा लेसर पुढे कारखान्यांत पत्रा कापण्यासाठी व रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी वापरला जाऊ लागला. सूक्ष्म भिंगांच्या कथेतही त्याला स्थान आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. १९८४ साली इंदूर येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. त्याचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप भवाळकर यांनी देशात लेसरनिर्मितीचा पाया विस्तारला. २००५ साली या केंद्रास डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले.

या काळातील लेसर मात्र सूक्ष्म कामासाठी पुरेसे नव्हते. प्रकाश काचेतून आरपार जातो, म्हणूनच ती काच असते. आरपार जाणारा प्रकाश काचेत बदल कसा घडविणार? आणि जो प्रकाश काच शोषून घेते तो पृष्ठभागच तापवितो, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. ही कोंडी फुटली ती स्पंद अत्यंत लहान झाल्यामुळे.

अतिलघुस्पंद लेसर म्हणजे ज्याचा प्रकाश फेम्टोसेकंदांच्या स्पंदांत बाहेर पडतो असा लेसर. एक फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. एवढ्या वेळात प्रकाश केवळ ०.३ मायक्रोमीटर जातो. शंभर फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची लांबी सुमारे ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी भरते. १९८० च्या दशकातील टायटेनियम-नीलम स्फटिकाच्या लेसरने आणि १९९१ साली स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या स्पंदनिर्मितीच्या सुलभ पद्धतीने असे स्पंद प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. १९८५ साली डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा आवळण्याची पद्धत मांडली. त्यामुळे वर्धक स्फटिकाला इजा न होता प्रचंड शक्तीचे स्पंद मिळू लागले. या कार्यासाठी दोघांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांनी अशा तीव्र स्पंदांच्या पदार्थावरील परिणामांचा, तर दीपक माथूर, आदित्य धर्माधिकारी आदी संशोधकांनी पारदर्शक घन पदार्थांतून होणाऱ्या त्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला.

काचेत लिहिण्याची क्रिया

या लेसरने काचेत नेमके काय घडते? सिलिका काचेतील इलेक्ट्रॉन मुक्त करण्यासाठी सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा जेमतेम १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणून असा प्रकाश काचेतून बिनधोक निघून जातो. मात्र सहा फोटॉन एकाच क्षणी एकाच ठिकाणी आले तर त्यांची एकत्रित ऊर्जा पुरी पडते. एकाच वेळी अनेक फोटॉन शोषले जाण्याची शक्यता जर्मन शास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली दोन फोटॉनांच्या बाबतीत सिद्धांतरूपाने मांडली होती. तिचा प्रायोगिक पुरावा मिळण्यास लेसरच्या शोधापर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, थांबावे लागले.

फोटॉनांची अशी गर्दी केवळ केंद्रबिंदूत होते. बिंदूच्या अलीकडे व पलीकडे प्रकाश विरळ असल्याने काच अबाधित राहते. शिवाय उष्णता आजूबाजूस पसरण्यापूर्वीच स्पंद संपलेला असतो. त्यामुळे काचेच्या पोटात, पृष्ठभागाला स्पर्शही न करता, एका मायक्रोमीटरच्या आसपासचा भाग बदलता येतो. १९९६ साली जपानमधील संशोधकांनी या रीतीने काचेत प्रकाशवाहक मार्ग लिहून दाखविले. ज्या काचेत अपवर्तनांकाची असमानता हा शतकानुशतके दोष मानला गेला, त्याच काचेत ती असमानता आता हेतुपूर्वक, ठरविलेल्या जागी निर्माण केली जाऊ लागली.

सूक्ष्म भिंगांसाठी पुढे दोन मार्ग रूढ झाले. पहिला मार्ग कोरण्याचा. लेसरने स्पर्श केलेली सिलिका आम्लात इतर भागापेक्षा कितीतरी वेगाने विरघळते, हे २००१ च्या सुमारास दाखविले गेले. हवा तो आकार लेसरने आखायचा, तुकडा आम्लात बुडवायचा आणि नको असलेला भाग काढून टाकायचा. मात्र असा पृष्ठभाग खडबडीत राहतो. त्यावर झिलई देण्यासाठी येथे डांबराचा थर चालत नाही, कारण भिंगच वाळूच्या कणाएवढे असते. या ठिकाणी कार्बन डायऑक्साइड लेसर उपयोगी पडतो. त्याचे अवरक्त किरण सिलिकाच्या वरच्या पातळ थरातच शोषले जातात, तो थर क्षणभर वितळतो आणि पृष्ठताणामुळे गुळगुळीत होऊन निवतो. बारामतीत जन्मलेल्या संशोधकाचा लेसर अशा रीतीने भिंगाची झिलई करणारा कारागीर ठरला आहे.

दुसरा मार्ग रचण्याचा. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेच्या थेंबात लेसरचा केंद्रबिंदू फिरवून बिंदूबिंदूने वस्तू उभी केली जाते. जपानमधील सातोशी कावाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून ही पद्धत विकसित केली. २००१ साली त्यांनी दहा मायक्रोमीटर लांबीचा बैल घडवून जगाचे लक्ष वेधले. २०१६ साली जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठातील संशोधकांनी अनेक भिंगांची संपूर्ण मालिका सुमारे एक दशांश मिलिमीटर आकारात प्रकाशतंतूच्या टोकावर उभी केली. २०२० साली अशाच पद्धतीने तयार केलेल्या भिंगाचा अंतर्दर्शक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक झाला आणि त्याने उंदराच्या रक्तवाहिनीच्या आतील प्रतिमा घेता आल्या. स्कॉटलंडमधील हेरियट-वॉट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दुर्बिणीतील प्रकाश अनेक सूक्ष्म वाटांत विभागणारी रचना काचेत लिहिली. तिला 'प्रकाशकंदील' अशा अर्थाचे नाव आहे. ओगलेवाडीच्या कंदिलानंतर काचेचा कंदील हा शब्द अशा वेगळ्याच अर्थाने अवतरावा, हा भाषेतील योगायोग असला तरी काचेच्या इतिहासाने केलेली वाटचाल त्यातून स्पष्ट होते.

बदलाचे स्वरूप : एक तौलनिक विचार

घासलेले भिंग आणि लिहिलेले भिंग यांची तुलना केल्यास तीन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट आकाराची. घासण्याची क्रिया गोलाकाराकडे झुकते, त्यामुळे गोलाकाराचे दोष दूर करण्यासाठी एकामागे एक अनेक भिंगे लावावी लागत. लेसरने लिहिताना आकाराचे बंधन राहत नाही. गणिताने सांगितलेला कोणताही वक्र उतरविता येतो आणि भिंगांची संख्या कमी होते.

दुसरी गोष्ट अचूकतेच्या उगमाची. जुन्या पद्धतीत अचूकता घर्षणातून येत असे, यंत्र साधे असले तरी चाले. नव्या पद्धतीत अचूकता पुन्हा यंत्राकडे आली आहे. काच किंवा केंद्रबिंदू ज्या सरकत्या पाटावर फिरतो त्याची गती नॅनोमीटरच्या हिशेबात नियंत्रित करावी लागते. १९१८ मध्ये ज्या कौशल्याने फिल्मची चौकट जागच्या जागी थांबविली, त्याच जातीचे कौशल्य येथे अपेक्षित आहे, फक्त त्याची पातळी कित्येक सहस्र पटींनी सूक्ष्म झाली आहे.

तिसरी गोष्ट परावलंबनाची आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. लेसरचा किरण एका बिंदूत आणण्यासाठी उच्च प्रतीचे सूक्ष्मदर्शकाचे भिंग लागते. भिंग लिहिण्यासाठी आधी भिंग असावे लागते. त्याखेरीज शुद्ध सिलिका, विशिष्ट राळ, लेसरचा स्फटिक आणि तपासणीची साधने हवीत. १९१८ साली परावलंबन एका काचेपुरते होते, आज ते साखळीच्या अनेक कड्यांत विभागले गेले आहे. यंत्र जुळविले म्हणजे तंत्रज्ञान आत्मसात झाले, हा समज कोल्हापूरच्या कॅमेऱ्याबाबत जितका अपुरा होता तितकाच तो येथेही अपुरा ठरतो.

मापनाचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. येना येथे भिंग चांगले झाले त्याला केवळ काच कारणीभूत नव्हती, भिंग किती चुकले हे मोजण्याची शिस्तही कारणीभूत होती. आदर्श भिंगावर तयार झालेले भिंग ठेवले असता उमटणाऱ्या प्रकाशकड्यांवरून तरंगलांबीच्या अंशाइतकी चूक दिसते. हे तंत्र कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग म्हणून शिकविले जाते. विद्यार्थी कडीची त्रिज्या मोजून वहीत उत्तर लिहितो. तोच प्रयोग जगातील भिंग-कारखान्यांची कसोटी होता, हे त्यास क्वचितच सांगितले जाते. प्रयोगशाळा आणि कारखाना यांतील हे अंतर काचेच्या अभावाइतकेच महागात पडले आहे.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. कोल्हापूरच्या १९१८ च्या कॅमेऱ्याचे यश हे यंत्रकुशलतेचे यश होते. त्याची मर्यादा कारागिरीची नव्हती, पदार्थविज्ञानाची होती. शेजारी काचधंदा असूनही प्रकाशीय काच निर्माण झाली नाही, कारण रसायनशास्त्र, गणित आणि कारागिरी यांना एकत्र आणणारी व्यवस्था त्या काळी अस्तित्वात नव्हती. अशी व्यवस्था स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय संस्थांच्या रूपाने उभी राहिली, पण तिचा संबंध यंत्रकुशल गावांशी अल्प प्रमाणातच आला. अतिलघुस्पंद लेसरने भिंगनिर्मितीचा पाया बदलला असून अचूक गतीचे यंत्र पुन्हा केंद्रस्थानी आणले आहे. म्हणजेच ज्या कौशल्यात हा परिसर पूर्वीपासून सिद्ध आहे, त्या कौशल्याला भिंगाच्या क्षेत्रात प्रथमच थेट स्थान निर्माण झाले आहे.

ही संधी आपोआप फलद्रूप होणार नाही. हातकणंगले तालुक्यात आज अभियांत्रिकी शिक्षण आहे, ओतकाम आहे, चांदीचे नाजूक काम आहे आणि यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींची पिढीही आहे. या कौशल्यांची लेखी नोंद मात्र फारशी झालेली नाही. बाबूराव पेंटर यांच्या कॅमेऱ्याचे स्मरण केले जाते, पण त्याचा प्रत्येक भाग कोणत्या हत्याराने, कोणत्या मापाने आणि किती वेळा चुकून घडला, याची तपशीलवार नोंद असती तर ती पुढील पिढीस स्मारकापेक्षा अधिक उपयोगी पडली असती. इतिहास विभागाने कारखान्यांतील मौखिक इतिहास संकलित करावा आणि भौतिकशास्त्र विभागाने प्रकाशकड्यांचा प्रयोग परिसरातील एखाद्या कारखान्याच्या सुट्या भागावर करून दाखवावा. या दोन लहान गोष्टी महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत.

१९१८ साली कॅमेऱ्याचा देह कोल्हापूरचा होता आणि डोळा परदेशी होता. डोळा घडविण्याची विद्या आता घासण्याकडून लिहिण्याकडे वळली आहे. ती लिपी या परिसरातील विद्यार्थ्यांनी व कारागिरांनी एकत्र बसून शिकली, तरच शंभर वर्षांपूर्वी अर्धे राहिलेले काम पूर्ण होऊ शकेल.